त्रिनिदादमध्ये कोकरांची वजनं करताना

थीसिसची शेवटची कॉपी अपलोड होऊन आज बारा दिवस झाले. मधल्या काळात माझ्या कॉलेजच्या दोन ज्युनिअर्सनी आणि शेळीपालन करणाऱ्या एका ओळखीच्या दादांनी विचारलं की बाहेर जाऊन नक्की काय केलंस, आणि प्रत्येक वेळी फोनवर पाऊण तास गेला, म्हणून आता सगळं एकदाच लिहून ठेवते. माझा विषय होता कोकरांची वाढ कशाकशावर अवलंबून असते, आणि जागा होती कॅरिबियनमधलं त्रिनिदाद बेट.

मी साताऱ्याकडची, व्हेटर्नरी ग्रॅज्युएट. २०१७ च्या सप्टेंबरात नवऱ्याच्या नोकरीमुळे इथे आले. तो पॉइंट लिसासला अमोनियाच्या प्लांटमध्ये, आणि आम्ही राहायला कूवाला. माझं भारतातलं रजिस्ट्रेशन इथे तसंच चालत नाही, त्यामुळे प्रॅक्टिस बंद, आणि घरात बसून पाच महिन्यांत मी अक्षरशः कोमेजून गेले होते. शेवटी एम.फिल.ला अर्ज करायचं ठरवलं.

जानेवारी २०१८ मध्ये अर्ज भरला आणि पहिली अडचण आली ट्रान्सक्रिप्टची, म्हणजे अधिकृत गुणपत्रिकेची. इथल्या विद्यापीठाला ती सीलबंद पाकिटात आणि पाठवणाऱ्या विद्यापीठाच्या सही-शिक्क्यासकट हवी असते. बाबांनी त्यासाठी चार खेपा मारल्या, एकदा सही करणारे साहेब रजेवर, एकदा पाकिटावर शिक्का मारायचा राहिला, असं करत सात आठवडे गेले. ज्यांना बाहेर अर्ज करायचाय त्यांनी डिग्री हातात पडली की त्याच आठवड्यात तीन सेट काढून ठेवा, आणि पाकीट कितीही वाटलं तरी उघडून बघू नका. शिफारसपत्रं, स्टुडंट परमिटचे कागद, मेडिकल, बँकेचं स्टेटमेंट यात एप्रिल-मे गेले. परमिटच्या ऑफिसात प्रत्येक कागदाच्या दोन झेरॉक्स लागतात आणि आत झेरॉक्स मिळत नाही, हे मला कोणी आधी सांगितलं असतं तर एक पूर्ण दिवस वाचला असता.

ऑगस्टमध्ये सेमिस्टर सुरू झालं. मला खरं तर खुराकावर प्रयोग करायचा होता, वेगवेगळी पेंड घालून कोणाचं वजन जास्त वाढतं ते बघायचं. गाइड सरांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, सध्या इथल्या फार्मवर कोकरू किती वजनाचं जन्मतं, रोज किती ग्रॅम वाढतं, ते तुला माहितेय का? मला माहीत नव्हतं. फार्मवाल्यांनाही नव्हतं. इथे दुकानात मिळणारं बहुतेक लॅम्ब न्यूझीलंड-ऑस्ट्रेलियातून गोठवून येतं, गावठी मटण महाग आणि कमी, आणि छोटे मेंढीपालक नोंदी ठेवतच नाहीत. म्हणून ठरलं की आधी नोंदी. जन्मापासून आईपासून तोडेपर्यंत, म्हणजे साधारण ७० दिवस, दर पंधरा दिवसांनी वजन.

(२१ ऑगस्टला ७.३ चा भूकंप झाला, व्हेनेझुएलाच्या किनाऱ्यावर केंद्र होतं पण इथे चांगलाच हलला. मी तेव्हा एथिक्सचा, म्हणजे जनावरांवर अभ्यास करायच्या परवानगीचा, फॉर्म भरत होते. लॅपटॉप छातीशी धरून जिन्यावरून पळाले.)

तो एथिक्सचा फॉर्म एकदा परत आला. त्यांनी विचारलं होतं की वजन करताना पिल्लू आईपासून किती मिनिटं लांब राहणार, आणि मी ते लिहिलंच नव्हतं. प्रश्न बरोबर होता, कारण पहिल्या दिवशी कोकराला जास्त वेळ बाजूला ठेवलं किंवा हाताचा वास लागला तर पहिलारू मेंढी कधीकधी त्याला जवळ घेत नाही. मी ‘तीन मिनिटांच्या आत, आईच्या नजरेसमोर’ असं लिहून दिलं आणि पुढे ते पाळलं. मंजुरीला एकूण पाच आठवडे लागले. फॉर्म भरताना ‘वजन करणार’ एवढंच लिहू नका, कोण धरणार, कशात ठेवणार, किती वेळ, सगळं लिहा.

फार्म दोन मिळाले. शेजारच्या टोबॅगो बेटावरचा तिसरा घ्यायची फार इच्छा होती, पण बोटीने एका बाजूला साडेतीन-चार तास, दर पंधरवड्याला ते जमणारं नव्हतं. एक फार्म कॅरोनीच्या सपाटीवर, साठेक मेंढ्या, जुनी उसाची जमीन, चिकण माती. मेंढ्या जमिनीपासून उंच, लाकडी फळ्यांच्या जाळीदार फरशीवर, लेंड्या खाली पडतात. दुसरा अरिमाच्या बाजूला डोंगराच्या पायथ्याशी, चाळीसेक मेंढ्या, दिवसभर बाहेर चरायला.

पहिल्या फार्मचे मालक साठीचे, त्यांना मी इथल्या पद्धतीप्रमाणे अंकल म्हणायचे. पहिल्या दिवशी त्यांनी घरात हाक मारली, ‘‘आजी!’’ आणि आतून पांढऱ्या केसांच्या त्यांच्या आई आल्या. मला भरूनच आलं. त्यांचे पूर्वज भोजपुरी भागातले, १८४५ पासून जहाजांनी उसाच्या मळ्यांवर आणलेल्या मजुरांपैकी, पण वडिलांच्या आईला ते आजीच म्हणतात. आजींना हिंदीसुद्धा फारशी येत नव्हती, तरी पालेभाजीला भाजी आणि वांग्याला बैगन म्हणायच्या. पुढची सव्वा वर्षं त्या फार्मवर मी जेवल्याशिवाय परत आले नाही.

मेंढ्या मात्र आपल्याकडच्यासारख्या नाहीत. बार्बाडोस ब्लॅकबेली म्हणून जात आहे, तपकिरी अंग, काळं पोट, तोंडावर काळे पट्टे, आणि अंगावर लोकर नाही, केस. मी गावी तात्यांना फोटो पाठवला. तात्या म्हणजे आमच्या रानात दरवर्षी मेंढरं बसवायला येणारे धनगर. त्यांचा व्हॉइस मेसेज आला, ‘‘पोरी, ही शेरडं हायती. लोकर न्हाई तर मेंढरू कसलं?’’ मग मी शेपटीचा फोटो पाठवला. शेळीची शेपटी वर असते, मेंढीची खाली लोंबते. तेव्हा त्यांना पटलं.

सामानाचा खर्च सांगते. लटकवायचा डिजिटल काटा ३८० टीटी (त्रिनिदाद-टोबॅगोचे) डॉलर. एक टीटी डॉलर म्हणजे तेव्हा साधारण दहा-साडेदहा रुपये. कानातले बिल्ले आणि पंच अमेरिकेतून मागवले, त्यावर ऑनलाइन खरेदीचा ७ टक्के कर, शिवाय साडेबारा टक्के व्हॅट, आणि सामान सोडवायला एक सकाळ. काट्याला अडकवायला झोळी मी तांदळाच्या पोत्याची शिवली, चार पायांना चार भोकं, कोकरू त्यात गप्प लटकतं. काटा दर वेळी आधी तपासायचा. मी पाच लिटर पाण्याचा एक कॅन ठेवला होता, कॅनसकट नेहमी ५.२ भरायचा, एकदा ५.५ भरला तेव्हा कळलं की बॅटरी गेलीय. तो दिवसच्या दिवस परत करावा लागला.

अजून एक, वजन सकाळीच आणि चरायला सोडायच्या आधी. भरल्या पोटाच्या दोन महिन्यांच्या कोकरात अर्धा-पाऊण किलो नुसता चारा-पाणीच असतं. पहिल्या महिन्यात मी कधी सकाळी, कधी दुपारी वजनं घेतली आणि एका कोकराचं वजन पंधरा दिवसांत घटलेलं दिसलं, मी घाबरून अंकलना औषध द्यायला लावणार होते. कोकरू ठणठणीत होतं.

सप्टेंबरअखेर नोंदी सुरू झाल्या आणि १९-२० ऑक्टोबरला पूर आला. त्या आठवड्यात मध्य त्रिनिदादमध्ये जे झालं ते इथले लोक विसरणार नाहीत, लोक छपरांवर होते. चौथ्या दिवशी मी फार्मवर पोचले. मेंढ्या उंच फरशीवर असल्याने वाचल्या होत्या, पण फरशीखाली गुडघाभर गाळ आणि सगळं गवत पाण्याखाली. पुढचे बारा दिवस त्यांना भिजलेला कोंडा, केळीची पानं आणि शेजाऱ्याने दिलेला थोडा बिअर कारखान्यातला भुसा एवढंच मिळालं. आणि नेमक्या त्यातल्या एकवीस मेंढ्या शेवटच्या महिन्या-दीड महिन्यात गाभण होत्या.

नोव्हेंबरात त्या व्यायल्या. ३७ नंबरची मेंढी मला कायम आठवेल. १४ तारखेला पहाटे अंकलचा फोन, तिळी झालीत. मी पोचले तेव्हा दोन उभी होती आणि तिसरं फळ्यांवर पसरलेलं, तोंडात बोट घातलं तर आतून गार. वजनं १.९, १.७ आणि १.४. कास पिळली तर चीक चमचाभर. चीक पहिल्या सहा तासांत मिळाला पाहिजे, चोवीस तासांनंतर आतड्यातून ती ताकद रक्तात जातच नाही. दुसऱ्या ताज्या व्यालेल्या मेंढीचा चीक काढला, कोमट केला, आणि किलोला ५० मिली या हिशोबाने नळीने ७० मिली पाजला. आजींनी त्याला चुलीजवळ टॉवेलात घेतलं. दिवसातून चार वेळा आम्ही ते केलं. चौथ्या दिवशी ते गेलं. मी वहीत तारीख आणि वेळ लिहिली आणि मग गाडीत बसून रडले.

त्या महिन्यातली जुळी सरासरी दोन किलोची होती. सप्टेंबर-ऑक्टोबरातली जुळी २.४ होती. तेच नर, तोच कळप, तोच गोठा. मी तात्यांना फोन करून सांगितलं तर ते म्हणाले, ‘‘आईच्या पोटात शेवटच्या दीड म्हैन्यात जे न्हाई घावलं, ते मागनं पेंडीच्या पोत्यात घावत न्हाई.’’ पुस्तकातही हेच आहे, गर्भाची जवळजवळ ७० टक्के वाढ शेवटच्या सहा आठवड्यांत होते, मी ते परीक्षेत लिहून मार्कही मिळवले होते. पण गोठ्यात त्याचा अर्थ मला तेव्हा कळला. आणि खेळ तिथेच थांबत नाही, उपाशी आईला दूधही कमी येतं, आणि कोकराचे पहिले तीन-चार आठवडे निव्वळ दुधावर असतात. तीच कोकरं पुढे तोडायच्या वेळीही मागेच होती, जानेवारीत भरपूर गवत असूनसुद्धा.

डिसेंबरात दुसऱ्या फार्मवर जंत. इथे जून ते डिसेंबर पावसाळा, आणि उष्ण-दमट हवेत हिमोंकस नावाच्या जंताच्या अंड्यांतून आठवडाभरात गवतावर चढणाऱ्या अळ्या तयार होतात. तो रक्त पितो. एक जंत दिवसाला ०.०५ मिली, ऐकायला काहीच नाही, पण हजार जंत झाले की ५० मिली, आणि आठ किलोच्या कोकरात रक्त असतं किती? खालची पापणी उलटून रंग बघायचं एक कार्ड मिळतं, दक्षिण आफ्रिकेत तयार झालेलं, लालभडक म्हणजे १ आणि पांढरी म्हणजे ५. मी त्या सकाळी एकामागून एक पापण्या बघत गेले आणि ४, ४, ५, ४. दोघांच्या जबड्याखाली पाणी साचलेलं. मालक दर महिन्याला सगळ्या कळपाला तेच औषध पाजत होते, वजन अंदाजाने धरून, आणि अंदाज कायम कमीच. मी लेंड्यांतली अंडी औषधाआधी आणि चौदा दिवसांनी मोजली, आकडा जवळपास तसाच. म्हणजे जंत त्या औषधाला सरावले होते. औषध बदललं, काट्यावर वजन करून डोस दिला, आणि फक्त ज्यांच्या पापण्या फिकट त्यांनाच दिला. मेंढ्या सकाळी दव सुकल्यावर सोडायला लागलो. हे शेवटचं तर फुकट आहे, आपल्याकडेही पावसाळ्यात करा.

मग कार्निव्हल. ४ आणि ५ मार्च २०१९. कॅलेंडरवर त्या सरकारी सुट्ट्या नाहीत पण अख्खा देश बंद असतो. अरिमाकडचा कामगार मला म्हणाला, ‘‘जस्ट नाऊ येतो.’’ इथे जस्ट नाऊ म्हणजे दोन तासांनी, संध्याकाळी, किंवा उद्या. तो तीन दिवसांनी आला. मधे व्यालेल्या मेंढ्यांची पिल्लं उभी होती, बिल्ले नाहीत, तारीख नाही. जन्मतारीख नसली की नंतरचं प्रत्येक वजन वाया, कारण १२ किलो हे साठाव्या दिवशी चांगलं आणि नव्वदाव्या दिवशी वाईट. अशी एकूण नऊ कोकरं मला डेटातून काढावी लागली. सणवारांची यादी आधी काढा आणि त्या दिवसांत स्वतः जा, किंवा कोणाला तरी ओव्हरटाइमचे पैसे देऊन बसवा.

फेब्रुवारी ते मे कोरडा काळ. टेकड्यांवर वणवे, गवत तांबूस. या काळातली कोकरं जन्मतः चांगली होती कारण आया डिसेंबर-जानेवारीच्या हिरव्या गवतावर होत्या, जंतही कमी, पण दीड महिन्यानंतर वाढ रोजच्या १३० ग्रॅमवरून ८०-९० वर आली. अंकलच्या कुंपणाला सगळीकडे गिरिपुष्प! आपल्याकडे बांधावर लावतो तेच. त्यांना ते फक्त कुंपण वाटायचं. मी फांद्या तोडून, एक दिवस सुकवून घालायला सुरुवात केली, ताज्या पाल्याच्या वासाने मेंढ्या तोंड लावत नाहीत. शिवाय गोठ्यात एक खण केला, फळीत फक्त कोकरू शिरेल एवढी फट, आत थोडा खुराक. तिसऱ्या आठवड्यापासून ती तिथे जायला लागली. एक सावधगिरी, गाई-डुकरांचं मिनरल मिक्स्चर मेंढ्यांना घालू नका, त्यातलं तांबं मेंढीला विषारी ठरतं.

मे महिन्यात अरिमाच्या फार्मवर चोरी झाली. ३० मेच्या, म्हणजे इंडियन अरायव्हल डेच्या, आदल्या रात्री अकरा जनावरं गेली, त्यात आठ माझ्या नोंदीतली कोकरं. शेतातल्या चोरीला इथे प्रीडियल लार्सनी म्हणतात, त्याचा वेगळा कायदाच आहे. मालकांचे हजारो डॉलर गेले होते, माझा डेटा गेल्याचं मी त्यांच्यासमोर बोललेही नाही. पोलिसांकडच्या तक्रारीचा नंबर मात्र घेऊन ठेवला, पुढे थीसिसमध्ये कोकरं कमी का झाली हे दाखवायला तो लागला. ऑगस्टमध्ये बकरी ईदला गिऱ्हाइकांनी चार नर तोडायच्या आधीच नेले, तेही गेले. नोव्हेंबर २०१९ मध्ये शेवटचं वजन केलं.

१३१ जन्म, त्यातली तारखेची नऊ बाद, २१ मेलेली, आठ चोरीला, चार विकलेली. उरली ८९.

मग चार महिने संगणकावर. मी आर (R) नावाचं आकडेमोडीचं सॉफ्टवेअर शिकले, फुकट आहे, पहिले तीन आठवडे फार त्रास होतो. पहिलं कोष्टक घेऊन सरांकडे गेले तेव्हा मी खूश होते, कारण तिळ्यांची वाढ जुळ्यांच्या जवळपास दिसत होती, १०.१ आणि १०.६ किलो. सरांनी कागद बघितला आणि विचारलं, ‘‘यातली मेलेली कुठे आहेत?’’ मी काहीच बोलू शकले नाही. ३७ नंबरचं ते १.४ किलोचं पिल्लू त्या सरासरीत नव्हतंच. बारकी मेली, दणकट उरली, आणि उरलेल्यांना दोन पिल्लांचं दूध मिळालं. म्हणून मग ‘जन्मली किती’ आणि ‘वाढवली किती’ हे दोन वेगळे रकाने केले आणि मृत्यूचं वेगळं प्रकरण लिहिलं. तुम्ही नोंदी ठेवत असाल तर हे दोन रकाने पहिल्या दिवसापासून ठेवा.

माझ्या दोन फार्मवर जे दिसलं ते असं. सगळ्यात मोठा फरक एकटं की जुळं याचा, जन्मतः अर्धा किलो आणि तोडताना दोन किलोच्या वर. त्याखालोखाल आई गाभण असतानाचा चारा. पहिल्या वेताच्या मेंढीची कोकरं लहान, तिसऱ्या-चौथ्या वेताची सगळ्यात चांगली. नर माद्यांपेक्षा थोडे जड. जातीचं मला वाटलं होतं तेवढं नव्हतं. काटाडिन या दुसऱ्या जातीच्या क्रॉसचं एकटं कोकरू १४ किलोचं दिसायला देखणं, पण ब्लॅकबेली दोन पिल्लं वाढवून मेंढीमागे २१ किलो देत होती, आणि शेतकऱ्याला पैसे कोकराच्या रूपाचे नाही, किलोचे मिळतात. आपल्याकडे जुळ्यांची जात आणायची फार हौस आहे, मला त्यांना मनापासून सांगायचंय की आईच्या शेवटच्या दीड महिन्याच्या खुराकाचे पैसे आधी बाजूला काढा, मग जुळी मागा.

मार्च २०२० मध्ये कोविडमुळे सीमा बंद झाल्या. दुसरा सेमिनार ऑनलाइन दिला. ऑक्टोबरला थीसिस सबमिट, परीक्षकांचे रिपोर्ट यायला साडेचार महिने, दुरुस्त्यांना तीन आठवडे. त्या साडेचार महिन्यांत झोप लागायची नाही, काही चुकलं असेल का असं सारखं वाटायचं, ते सगळ्यांनाच वाटतं असं आता कळलंय.

काटा आणि झोळी मी अंकलकडेच ठेवली. ते स्वतः नोंदी ठेवतात, आजींच्या जुन्या हिशोबाच्या वहीत. परवा पानाचा फोटो आला: जुळी, नर २.७, मादी २.४, रविवार पहाट, आई ३७ नंबर. माझी एक्सेलची रिकामी शीट मराठी रकान्यांसकट तयार आहे, कोणाला हवी असेल तर सांगा. आणि काट्याच्या दोन पेन्सिल सेलची एक जादा जोडी खिशात ठेवा.